कुलूप लावलेले बाक आणि देवाची खूण

आजचं वाचन: मत्तय २७:३२



आजचं वचन एकाच ओळीचं आहे. येशूला वधस्तंभावर खिळायला नेत असताना शिपायांना वाटेत कुरेने गावचा शिमोन भेटतो. ते त्याला धरतात आणि प्रभूचा वधस्तंभ वाहायला लावतात. शिमोनानं स्वतःहून हात वर केला नव्हता, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. तो फक्त त्या वेळी त्या रस्त्यावर होता.

दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी याच ओळीनं एका तरुण पाळकाला सावरलं. त्याचं नाव चार्ल्स सिमियन. केंब्रिज विद्यापीठाच्या गावात त्यानं ५४ वर्षं एकाच मंडळीची आणि विद्यार्थ्यांची सेवा केली. आज आपण जिला कॅम्पस मिनिस्ट्री म्हणतो, तिचं नावही नव्हतं तेव्हा तो ती करत होता.

त्याच्याबद्दल आज लिहायचं कारण म्हणजे आपल्या बोलण्यात सतत येणारं एक वाक्य. देवानं दार उघडलं, देवानं दार बंद केलं. इंटरव्ह्यू क्लिअर झाला तर उघडलं, व्हिसा रिजेक्ट झाला तर बंद केलं. कॉलेजात प्रार्थना गट सुरू केला आणि दोन आठवड्यांत कुणी आलं नाही, तर आपण म्हणतो, बहुतेक देवाची इच्छा नसावी. सिमियनच्या बाबतीत मात्र बंद दार ही नुसती म्हण नव्हती. लोकांनी खरोखर कुलूप लावलं होतं. आणि त्यानं त्याचा अर्थ वेगळा लावला.

एका सक्तीच्या नियमातून

सिमियनचा जन्म २४ सप्टेंबर १७५९ चा, इंग्लंडमधल्या रेडिंग गावचा. वडील पैसेवाले वकील. मुलगा ईटनच्या नामांकित शाळेत शिकला. घोडेस्वारी आणि भारी कपडे हे त्याचे शौक. देवाधर्माशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

जानेवारी १७७९ मध्ये, १९ वर्षांचा असताना, तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाला. दोन-तीन दिवसांतच कॉलेजच्या प्रमुखांकडून निरोप आला की साधारण तीन आठवड्यांनी प्रभुभोजन आहे आणि ते घेणं प्रत्येक विद्यार्थ्याला बंधनकारक आहे. बाकीच्यांसाठी ती हजेरी लावण्यासारखी गोष्ट होती. सिमियन मात्र हादरला. आपण ज्या अवस्थेत आहोत त्या अवस्थेत त्या मेजाजवळ जायचं, तर मग सैतानानंच का जाऊ नये, असं त्याला वाटलं. तो धार्मिक पुस्तकं वाचू लागला, उपास करू लागला, जुनी पापं आठवून झुरू लागला. ते पहिलं प्रभुभोजन झालं तरी ओझं गेलं नाही. ईस्टरला पुन्हा त्याच मेजाजवळ जायचं होतं.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात तो बिशप विल्सन यांचं प्रभुभोजनावरचं पुस्तक वाचत होता. त्यात जुन्या करारातल्या अर्पणाचा उल्लेख आला. इस्राएली माणूस आपलं पाप अर्पणाच्या पशूच्या डोक्यावर ठेवत असे. सिमियन थांबला. म्हणजे माझंही पाप मी दुसऱ्यावर ठेवू शकतो? देवानं माझ्यासाठी अर्पण दिलेलं आहे? मग हे ओझं मी आणखी एक क्षण तरी कशाला वाहायचं? आठवडाभर आशा थोडी थोडी वाढत गेली आणि ४ एप्रिल १७७९ ला, ईस्टरच्या सकाळी, तो उठला तोच येशूच्या पुनरुत्थानाचा आनंद मनात घेऊन.

इथे स्वर्ग उघडला नाही, देवदूत आला नाही. कॉलेजचा एक नियम होता, जो शेकडो मुलांनी नोटीस बोर्डावरच्या सूचनेसारखा वाचून सोडून दिला असता. देव त्या नियमातूनही बोलू शकतो हे सिमियनला कळलं, कारण त्यानं तो नियम गंभीरपणे घेतला.

पुढची जवळपास तीन वर्षं त्याला आपल्यासारखा विश्वास असलेला एकही मित्र मिळाला नाही. आपल्यापैकी जे पहिल्या नोकरीसाठी नव्या शहरात आलेत, ज्यांच्या फ्लॅटमध्ये किंवा टीममध्ये दुसरं कुणी विश्वासी नाही, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. तीन वर्षं. त्या काळात तो कॉलेजच्या नोकरचाकरांना जमवून त्यांच्याबरोबर प्रार्थना करायचा.

हिरवा पीच

मे १७८२ मध्ये त्याला दीक्षा मिळाली. त्याच सुमारास केंब्रिजपासून काही मैलांवर असलेल्या येलिंग गावच्या वयस्कर पाळकांशी, हेन्री व्हेन यांच्याशी त्याची ओळख झाली. सिमियन त्यांच्याकडे वारंवार जाऊ लागला.

सिमियन उत्साही होता, पण सोबत राहायला सोपा नव्हता. बोलणं तोऱ्याचं, हातवारे मोठे, राग नाकावर. तो एकदा येऊन गेल्यावर व्हेन यांच्या मुली त्याच्या वागण्याची चेष्टा करू लागल्या. व्हेन त्यांना बागेत घेऊन गेले आणि झाडावरचा एक पीच तोडून आणायला सांगितला. उन्हाळ्याची नुकती सुरुवात होती, फळं हिरवीच होती. मुलींना नवल वाटलं. तेव्हा वडिलांनी समजावलं की आत्ता फळ हिरवं आहे, आपण वाट पाहायची. थोडं आणखी ऊन, काही सरी, मग ते गोड होईल. सिमियनचंही तसंच आहे.

मला या गोष्टीतले व्हेन फार आवडतात. झाडाकडे बघून माणसाबद्दल धीर धरायला शिकणं, हीच तर रोजच्या जगण्यात देवाची खूण ओळखणं. आपल्या चर्चमध्ये, सेल ग्रुपमध्ये असे हिरवे पीच असतात. खरं सांगायचं तर आपणही कुणाच्या तरी नजरेत हिरवेच असतो.

कुलपं

केंब्रिजच्या मध्यभागी होली ट्रिनिटी नावाचं चर्च आहे. सिमियन त्याच्यासमोरून जाताना मनात म्हणायचा, हे चर्च देवानं मला दिलं तर किती बरं होईल, विद्यापीठाच्या ऐन मध्यावर सुवार्ता सांगता येईल. १७८२ च्या शरद ऋतूत तो केंब्रिज सोडून घरी परतायच्या तयारीत होता, तेवढ्यात त्या चर्चचे पाळक वारले. वडिलांनी बिशपना पत्र लिहिलं आणि नेमणूक झाली. १० नोव्हेंबर १७८२ ला त्यानं तिथे पहिला उपदेश केला. वय २३.

आता हे तर दार उघडल्याचं नमुनेदार उदाहरण, नाही का? वर्षानुवर्षांची इच्छा, अगदी शेवटच्या क्षणी जागा रिकामी होणं, बिशपचा होकार. साक्ष द्यायला उभं राहावं असं सगळं.

पण मंडळीला तो नको होता. त्यांना तिथले सहायक पाळक हॅमंड हवे होते. त्या काळी चर्चमधले बाक कुटुंबांच्या ताब्यात असत आणि बाकांना दारं असत. मंडळीतल्या लोकांनी आपापल्या बाकांची दारं कुलूप लावून बंद केली आणि स्वतः यायचं बंद केलं. म्हणजे बाक रिकामे, पण कुणाला बसता येत नाही. जे ऐकायला यायचे ते मधल्या वाटेत उभे राहायचे. सिमियननं स्वतःच्या पैशानं साधी बाकडी आणून ठेवली, तर चर्चच्या कारभाऱ्यांनी ती उचलून बाहेर अंगणात फेकली.

रविवार दुपारचं व्याख्यान लोकवर्गणीतून चालत असे आणि व्याख्याता निवडायचा हक्क मंडळीकडे होता. त्यांनी हॅमंड यांना नेमलं, ते गेल्यावर आणखी एकाला नेमलं. सिमियनला ते व्याख्यान मिळायला १७९४ साल उजाडलं, म्हणजे बारा वर्षं. बाकांची कुलपंही दहा वर्षांहून जास्त काळ टिकली. शिवाय विद्यार्थी गंमत म्हणून चर्चमध्ये गोंधळ घालायचे, खिडक्यांवर दगड मारायचे. सिमियनचं ऐकणाऱ्या मुलाला त्याच्या नावावरून चिडवलं जायचं.

आपल्या हिशोबानं दार बंद होण्याची याहून स्पष्ट खूण कुठली? आपण दोन महिन्यांत राजीनामा टाकला असता आणि वर म्हणालो असतो की प्रभूनं दाखवलं.

सिमियननं मात्र दोन गोष्टींत फरक केला, आणि तो फरक समजून घेण्यासारखा आहे. त्यानं रविवारी संध्याकाळी एक नवी उपासना सुरू केली होती. कारभाऱ्यांनी चर्चला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन निघून गेले. सिमियननं त्या दिवशी लोहाराकडून कुलूप उघडवलं, पण नंतर ती संध्याकाळची उपासना तूर्त थांबवली. ज्या गोष्टीतून नुसतं भांडण वाढेल ती त्यानं सोडली. ज्या कामासाठी बोलावलं गेलं होतं ते सोडलं नाही. प्रभूच्या दासानं भांडू नये, हे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं शिक्षण त्यानं धरून ठेवलं होतं. आणि हिशोब असा मांडला होता की निम्मे लोक आले आणि त्यांना दुप्पट आशीर्वाद मिळाला, तर एकूण बेरीज तेवढीच.

उलटा धरलेला नवा करार

मग तो टिकला कशाच्या जोरावर?

याच कठीण काळात, गावभर टिंगल होत असताना, एक दिवस सिमियन खिशातला छोटा ग्रीक नवा करार घेऊन एकटाच फिरायला बाहेर पडला. मन जड होतं. चालता चालता त्यानं प्रार्थना केली की प्रभू, या वचनातून मला काहीतरी आधार दे. पुस्तक उघडलं तर ते हातात उलटं धरलं गेलं होतं. सरळ केलं आणि पहिली नजर पडली ती आजच्या वचनावर. कुरेनेचा शिमोन, ज्याला वधस्तंभ वाहायला लावला.

सिमियन आणि शिमोन हे मुळात एकच नाव. आपल्या मराठी बायबलमध्ये तर याकोबाचा मुलगा, मंदिरातला म्हातारा आणि कुरेनेचा हा माणूस, तिघांनाही शिमोनच लिहिलंय. त्याला वाटलं, हे माझंच नाव आहे. प्रभूचा वधस्तंभ माझ्या खांद्यावर ठेवला जातोय, हा केवढा मान! त्या क्षणापासून तो छळाकडे वेगळ्या नजरेनं बघू लागला. कुलपं तशीच होती, टिंगल तशीच होती. फक्त त्या ओझ्याला आता नाव मिळालं होतं.

इथे एक सावधगिरी. मी इंजिनियर आहे, हजार ओळींच्या लॉगमधून आपल्याला हवी तीच ओळ उचलून निष्कर्ष काढणारे लोक रोज बघतो. बायबल कुठेही उघडून बोट ठेवायचं आणि निर्णय घ्यायचा, किंवा ॲपवर आलेलं दिवसाचं वचन म्हणजे आजच्या इंटरव्ह्यूचा निकाल समजायचा, ही सिमियनची रीत नव्हती. तो माणूस पहाटे चार वाजता उठून आठ वाजेपर्यंत प्रार्थना आणि वचनाच्या अभ्यासात असायचा. पुढे त्याची उपदेशांच्या टिपणांची २१ खंडांची मालिका निघाली. तो वचनात राहत होता, म्हणून ते एक वचन योग्य जागी बसलं.

आणि त्या वचनानं त्याला काय सांगितलं, हेही बघा. तू निघ, तुझे विरोधक हरतील, तुला मोठं चर्च मिळेल, असं नाही. वाहा, एवढंच सांगितलं. मला वाटतं, खूण तपासायची एक कसोटी इथे मिळते. माझ्या मनाला आधीच हवं होतं तेच माझी खूण सांगते का? नेहमी तेच सांगत असेल तर पुन्हा तपासायला हवं. प्रत्येक त्रास सोसतच राहायचा असा याचा अर्थ नाही. जिथे अन्याय आहे, जीवाला धोका आहे, तिथून बाहेर पडणं हीसुद्धा आज्ञा असू शकते. पण गैरसोय म्हणजे देवाचा नकार, हे समीकरण वचनात कुठे सापडत नाही.

पंधरा मिनिटांची सोबत, एक गिनी, चहा

सिमियनच्या आयुष्यातल्या बाकीच्या खुणा याहून साध्या होत्या.

सगळे त्याला टाळत असतानाच्या काळात एकदा त्याच्याच कॉलेजचा एक फेलो त्याच्याबरोबर हिरवळीवर पंधरा मिनिटं चालला. बस्स, एवढंच. सिमियननं ही गोष्ट आयुष्यभर लक्षात ठेवली. आपल्या कॅन्टीनमध्ये एकट्या बसणाऱ्या माणसाशेजारी ताट घेऊन बसायला किती वेळ लागतो? देवाची खूण शोधता शोधता आपण दुसऱ्याची खूण होऊ शकतो, हे आपल्या लक्षातच येत नाही.

पहाटे उठण्याचीही गंमत आहे. सुरुवातीला उशीर झाला की तो स्वतःला दंड करायचा, कामवाल्या बाईला अर्धा क्राउन द्यायचा. एका गारठलेल्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं, बिचारी गरीब आहे, तिला तेवढीच मदत होईल, झोपू या. आपलं मन आपल्याला कसं फसवतंय हे ओळखून त्यानं दंड बदलला. पुढच्या वेळी एक सोन्याची गिनी कॅम नदीत फेकायची. तशी एकदा खरंच फेकली. पुन्हा वेळ आली नाही.

विद्यार्थ्यांसाठी त्यानं काय केलं? आपल्या खोल्या उघड्या ठेवल्या. ज्यांना पुढे पाळक व्हायचं होतं त्यांना तो उपदेश तयार करायला शिकवायचा. विद्यापीठात त्याचं कुठलंही शिक्षण त्या काळी मिळत नसे. पुढे शुक्रवारी संध्याकाळी त्याच्याकडे चहा असे. मुलं दाटीवाटीनं बसायची, कुणीही काहीही विचारावं, तो वचनातून उत्तर द्यायचा. ना बँड, ना प्रोजेक्टर. चहा आणि प्रश्न.

भिंतीवरचा चेहरा

त्या मुलांमध्ये एक होता हेन्री मार्टिन. १८०१ साली गणितात विद्यापीठात पहिला आलेला. सिमियनच्या प्रभावानं तो त्याचा सहायक झाला आणि १८०५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चॅप्लेन म्हणून भारताकडे निघाला. दानापूर आणि कानपूर इथे राहून त्यानं नवा करार हिंदुस्थानीत आणला, मग फारसीचं काम हाती घेतलं. १८११ मध्ये इराणला जाण्यासाठी तो कलकत्त्याहून जहाजानं मुंबईला आला. त्याच जहाजावर पुण्याच्या रेसिडेंट पदाचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. वाटेत ते गोव्यात उतरले आणि मार्टिननं संत फ्रान्सिस झेवियरची कबर पाहिली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८१२ मध्ये, परतीच्या वाटेवर तुर्कस्तानातल्या तोकात इथे तो वारला. वय ३१.

जाण्यापूर्वी भारतात त्याचं एक चित्र काढून घेतलं होतं. ते लंडनला पोहोचलं तेव्हा सिमियन बघायला गेला आणि त्याला रडू आवरेना. काही वर्षांत तो तरुण चेहरा पार ओढलेला, थकलेला झाला होता. सिमियननं ते चित्र आपल्या खोलीत शेकोटीच्या वर लावलं. येता-जाता तो त्याच्याकडे बघायचा आणि त्याला वाटायचं, हा चेहरा मला सांगतोय की वेळ वाया घालवू नकोस, गंभीर राहा. मग तो चित्राकडे बघून हलकेच मान लववायचा आणि मनात कबूल करायचा.

१७९९ मध्ये लंडनला ज्या मंडळींनी चर्च मिशनरी सोसायटी सुरू केली, त्यांत सिमियन होता. नाशिकला शरणपूर रोडवरून रोज ऑफिसला जाणाऱ्या वाचकांनो, ते शरणपूर म्हणजे याच सोसायटीनं वसवलेली ख्रिस्ती वस्ती. कुलूप लावलेल्या बाकांपुढे उभा राहिलेला तो तरुण तेव्हाच निघून गेला असता तर काय झालं असतं, कोण जाणे. तो थांबला, म्हणून त्याच्या चहाला बसलेली मुलं आपल्या देशापर्यंत आली.

शेवटची घंटा

१८०७ पासून त्याचा आवाज आणि तब्येत ढासळली. उपदेशानंतर तो मेल्यासारखा थकायचा. साठीला निवृत्त होऊन निवांत राहायचं असं त्यानं ठरवलं होतं. १८१९ मध्ये, नेमक्या साठीच्या तोंडावर, स्कॉटलंडच्या प्रवासात ताकद अचानक परत आली. त्यानं यातही देवाचं बोलणं ऐकलं. ताकद दिली आहे ती आरामासाठी नाही. मग आणखी सतरा वर्षं तो कामाला लागला.

१३ नोव्हेंबर १८३६, रविवार. विद्यापीठाच्या उपदेशासाठी घंटा वाजत होती. तो उपदेश खरं तर सिमियनच करणार होता. घंटा वाजत असतानाच त्याचा प्राण गेला. अंत्यविधीच्या दिवशी गावातली दुकानं बंद होती आणि बहुतेक कॉलेजांतले तास थांबले होते. ज्या गावानं त्याच्यासाठी बाकांना कुलपं घातली, त्याच गावानं त्याच्यासाठी दुकानांना कुलपं घातली. किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये, फरशीखाली, तो विसावला आहे. दगडावर नावाची दोन अक्षरं आणि साल, एवढंच.

आज थोडं थांबून

माझ्यासमोर आज कुठलं दार बंद आहे? तिथून निघायला देव सांगतोय, की मला नुसता कंटाळा आलाय?

या आठवड्यात मी कुणाबरोबर पंधरा मिनिटं चालू शकतो?

माझ्या ओळखीत हिरवा पीच कोण आहे, ज्याच्यासाठी मी थोडं ऊन आणि थोड्या सरी मागायला हव्यात?

प्रार्थना

प्रभू येशू, मी तुझ्याकडे मोठ्या खुणा मागत राहतो आणि तू रोज पाठवलेल्या छोट्या खुणा वाचत नाही. ऑफिसमधलं, कॉलेजमधलं, घरातलं आजचं ओझं तुझ्या वधस्तंभाचा भाग असेल, तर तेही मला कळू दे. मला तिथून पळण्याची नाही, तुझ्यामागे चालण्याची ताकद दे. आणि माझ्या शेजारी जो एकटा आहे त्याच्यापर्यंत आज मला ने. आमेन.